बिनतळाचा मांडव

नोईलीन गिलक्रिस्टनं चाळीस वर्षं मेंढ्यांच्या फार्मवर काढली, आणि त्या चाळीस वर्षांत समुद्र पाहिला तो सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्यापुरता. समुद्र लांब होता अशातला भाग नाही. आमच्या मॅनियोटोटोच्या पठारावरून गाडीनं जेमतेम दोन तास. पण मुक्कामाचं नाव काढलं की तिचा नवरा लॅकी विचारायचा, "कुत्र्यांना खायला कोण घालणार?" आणि त्याच्या लेखी विषय तिथंच संपायचा.

फार्म मुलाच्या, कॅलमच्या, हाती दिलं तेव्हा लॅकी बहात्तरचा होता. सहा कुत्र्यांपैकी पाच कॅलमकडे गेली. उरली फ्लॉस. तेरा वर्षांची, मागचे पाय आखडलेली, कामातून कधीच निवृत्त झालेली. नोईलीननं त्याच आठवड्यात शेजाऱ्यांची जुनी, लहानशी कॅरव्हॅन घेऊन टाकली. दोन अरुंद बिछाने, एक सिंक, आणि एकानं वळायचं तर दुसऱ्यानं बसायचं एवढी जागा.

"तीन फेऱ्या," ती लॅकीला म्हणाली. "तिसऱ्या फेरीनंतरही तुला नकोसं वाटलं तर विकून टाकू. मी जन्मात पुन्हा विषय काढणार नाही."

बोलून बसली खरी, पण तिला ठाऊक होतं, लॅकी शब्दाला पक्का. तिलाही शब्दाला पक्कं राहावं लागणार होतं.

पहिली फेरी काकानुईला, समुद्राकाठच्या कॅम्पवर. गाडी नोईलीन चालवत होती, कारण घोड्यावरून पडल्यापासून लॅकीची मान वळत नव्हती. रस्त्यावर सगळं ठीक. कॅरव्हॅन मागे घ्यायची वेळ आली आणि तिच्या नाकी नऊ आले. चाक डावीकडे फिरवावं तर कॅरव्हॅन उजवीकडे जाई, आणि दोनदा तर गाडी आणि कॅरव्हॅन काटकोनात मुडपून उभी राहिली. कॅम्पवर नवं कोणी आलं की जुने लोक चहाचे मग घेऊन खुर्च्या वळवून बसतात. तसे ते बसलेच. हातवारे करून लॅकी थकला. शेवटी त्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ घातली. लांब, खालच्या सुरातली: हळू, पुढे चाल. मग डावी. मग उजवी. मग एक तोडून टाकलेली: थांब. चाळीस वर्षं कुत्र्यांना घातलेल्या त्या शिळा तिच्या कानावर पडत होत्या. तिचे हात आपोआप वळले आणि कॅरव्हॅन जागेवर जाऊन बसली.

खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. नोईलीन लाल होऊन उतरली.

"मी काय फ्लॉस आहे?"

"छे. फ्लॉसला एकदा सांगितलं की पुरतं."

चिडायचं होतं तिला, पण हसूच फुटलं. इथवर झकास.

घोडं अडलं ते फ्लॉसपाशी. आमच्याकडे कामाचं कुत्रं घरात येत नाही. लॅकीच्या बापाचा नियम, त्याच्याही बापाचा. मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये कुत्रं खुशाल लोळेल, पण घराचा उंबरठा ओलांडणार नाही, आणि कोणी ओलांडू देणार नाही. कॅरव्हॅनमध्ये सिंक आहे म्हणजे ते घर. गाडीत झोपवावं म्हटलं, तर लॅकी म्हणाला, बंद गाडीत कुत्रं कोण ठेवतं. तेव्हा फ्लॉसला कॅरव्हॅनखाली बांधलं, आणि पाऊस आला तो आडवा, समुद्रावरून.

सकाळी नोईलीन उठली तर शेजारचा बिछाना रिकामा. लॅकी मासे साफ करायच्या ओट्यावरच्या पत्र्याखाली बसला होता. अंगावर रेनकोट, पायाशी फ्लॉस, दोघंही भिजून चिंब.

"घरी जाऊ," तो म्हणाला. मग ते घरी आले.

दुसऱ्या फेरीला फ्लॉसला कॅलमकडे ठेवलं. कॅलमचा फोन आला, खात नाहीये, फाटकाकडे तोंड करून बसलीय. लॅकीनं ताटातले मासे अर्धवट टाकले. एक मुक्काम, संपली फेरी. परतताना गाडीतच नोईलीननं मनात कॅरव्हॅन विकूनसुद्धा टाकली. रडू आलं तिला, पण गाडी चालवताना रडायची सोय नसते.

मग एक दिवस कॅलमच्या फार्मवर मेंढ्या कातरणं चाललं होतं. नोईलीन चहा घेऊन शेडमध्ये गेली तर दारालगत फ्लॉस पसरलेली, आणि तिच्या शेजारी उलट्या बादलीवर लॅकी, जगाची चिंता नसल्यासारखा. नोईलीन किटली हातात धरून बघतच राहिली. दुसऱ्याच दिवशी ती त्याला ओमारू गावातल्या कॅरव्हॅनच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेली.

ऑनिंग म्हणजे कॅरव्हॅनच्या कडेच्या खाचेत सरकवून उभा करायचा कापडी मांडव. दुकानात ते हारीनं लावलेले. विकणारा पोरगा उत्साही. एक हवा भरून उभा राहणारा, एकाला पडदे लावलेल्या खिडक्या, एकाला खाली चटई, एक नुसतंच छत. नोईलीननं नुसतं छत आधीच बाद केलं, आडवा पाऊस ती विसरली नव्हती. उरलेल्यांपैकी प्रत्येकात ती गेली आणि भर दुकानात गुडघे टेकून रांगत बसली.

"मावशी, काही पडलं का?" पोरगा म्हणाला.

"कुत्र्याच्या उंचीवर वारं कुठून लागतं ते बघतेय."

लॅकी दाराशी टोपी चुरगाळत उभा होता. शरमेनं असेल. पण चौथ्या मांडवापाशी तो हळूच जवळ आला.

चौथा साधा होता. जाड करडं कापड, तिन्ही बाजू जमिनीपर्यंत, खाली झालर, आणि समोरची बाजू पूर्ण गुंडाळता येणारी, म्हणजे आत बसलेल्याला बाहेरचं सगळं दिसेल.

"याच्याबरोबर तळाचं कापड येतं," पोरगा म्हणाला. "जमिनीला बसतं अगदी घरासारखं."

"तळ नको," नोईलीन म्हणाली. "तळ घातला की घर झालं. खाली गवतच राहू दे. म्हणजे शेड."

लॅकीनं तिच्याकडे पाहिलं. मग खांबांची पिशवी त्यानं स्वतः उचलली.

तिसरी फेरी पुन्हा काकानुईला. चार शिळांत कॅरव्हॅन जागेवर. खुर्च्यांवाले हिरमुसले. मांडव उभारायला मात्र दीड तास लागला, कारण वारं, आणि कारण लॅकीनं सूचनांचा कागद वाचायला साफ नकार दिला. अखेर शेवटची खुंटी ठोकली. ढग भरून आले होते. नोईलीननं समोरची बाजू गुंडाळली आणि बाजूला झाली. तिचा जीव टांगणीला लागलेला.

फ्लॉस आली. झालरीपाशी पोचली आणि थांबली. आत कॅरव्हॅनचं दार उघडं होतं, सिंक दिसत होतं. तिनं नाक पुढे केलं, मागे घेतलं, आणि बाहेरच्या ओल्या गवतात खाली बसली.

संपलं, नोईलीनच्या मनात आलं. तेरा वर्षं शिकवलेलं कोण पुसणार?

लॅकी गाडीकडे गेला. डिकीतून त्यानं एक गुंडाळी काढली. लोकर भरायच्या पोत्याचा तुकडा, केसांनी भरलेला. फ्लॉसच्या खोपटातलं अंथरूण. सामान सगळं नोईलीननं भरलं होतं, हे तिनं भरलं नव्हतं. कधी ठेवलं त्यानं? ज्याला कॅरव्हॅन विकायची असते तो असलं काही लपवून आणत नाही.

त्यानं तुकडा आत, कॅरव्हॅनच्या चाकालगत गवतावर पसरला. कॅरव्हॅनचं दार ओढून बंद केलं. मग जपून वाकून दोन बोटं तोंडात घातली. लांब, खालच्या सुरातली शीळ: हळू, पुढे चाल.

फ्लॉस उठली. एक पाय आत, मग दुसरा. पोत्यावर जाऊन तिनं तीन गिरक्या घेतल्या आणि धपकन पडली.

लॅकी वळला. शीळ ऐकून, कॅरव्हॅन मागे घेताना सरकावं तशी, नोईलीन दोन पावलं मागे सरकून मांडवाच्या खांबाला टेकली होती. तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"तुला नव्हतं म्हटलं," तो म्हणाला.

पाऊस सुरू झाला. लॅकीनं खुर्ची उघडून फ्लॉसशेजारी मांडली, बसला, बूट काढले.

"कॅम्पवर किती दिवस सांगून ठेवलेत?"

"दोन."

"ऑफिस बंद व्हायच्या आत जा," तो म्हणाला, "आणि आठवडा करून ये."

नोईलीन छत्री न घेताच निघाली.