अडीच कांबळ्यांचा शिनिमा

माझ्या मामेसासऱ्यांइतका भुतांना भिणारा आणि तरीही भुतांवर जीव टाकणारा माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात दुसरा झाला नसेल, हे मी आजही कुणापुढेही सांगेन. ते माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. अंबाजोगाईला, म्हणजे सरकारी कागदावरच्या मोमिनाबादला, ते गिरदावर होते. घोड्यावर बसून गावोगाव फिरायचं, पिकं बघायची, शेतांच्या हद्दी तपासायच्या, असं त्यांचं काम. सहा फूट उंची, गालावरून कानापर्यंत गेलेल्या मिशा आणि डोक्याला जरीचा पटका. बांधावर उभे राहिले की भांडणारे भाऊबंद आपोआप गप्प होत. पण हाच माणूस आमच्या घाटनांदूरच्या घरी मुक्कामाला आला, की दिवस मावळल्यावर परसात जायचं झालं तर कुणाला तरी कंदील घेऊन पुढे चालायला लावी, आणि मागेही कुणी तरी लागे. मधोमध मामा. पाल चुकचुकली तर मंडळी जागच्या जागी थांबत.

अशा माणसाने शिनिमातल्या भुतांच्या वाटेला जाऊच नये. पण तंबूचा शिनिमा आमच्या भागात फिरायला लागला आणि मामांना त्याचं वेडच लागलं. तेव्हाचा शिनिमा मुका होता. पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवत, मध्येच अक्षरांची पाटी येई आणि कडेला बसलेला पेटीवाला आपल्या मनाला येईल ते वाजवी. देवादिकांचे, राजाराण्यांचे खेळ मामा बघत नसत. "देव देवळात फुकट दिसतोय, त्याला तंबूत कावून बघायचं?" असं त्यांचं म्हणणं. भुताचा खेळ परळीला लागो, लातूरला लागो, नाही तर सरहद्दीपलीकडे इंग्रजांच्या बार्शीला लागो, मामांचं सरकारी काम नेमकं त्याच वाटेवर निघायचं.

तंबूत ते बाहेर पडायच्या वाटेशी बसत. भूत यायच्या सुमाराला पटक्याचा शेव डोळ्यांवर ओढून घेत आणि त्याच्या विणीतून बघत. शेजारी जो कुणी असेल त्याचा हात घट्ट धरून ठेवत. एकदा लातूरला शेजारी पोलिसातला एक जमादार बसला होता. खेळ संपल्यावर त्याने मनगट चोळत विचारलं, साहेब, माझ्यावर काही आरोप आहे का?

शिनिमाची प्रत ठरवायचं मामांचं स्वतःचं माप होतं, ते म्हणजे कांबळं. बघून आल्यावर एक कांबळं डोक्यावरून घेतलं की झोप लागते तो एका कांबळ्याचा, दोन लागतात तो दोन कांबळ्यांचा. स्मशानात प्रेत उठून बसतं तो खेळ एका कांबळ्याचा. तो मामा नवशिक्यांना सुचवत. जळक्या महालात उलट्या पावलांची बाई नाचते तो दोन कांबळ्यांचा. बार्शीला एक तीन कांबळ्यांचा आला होता म्हणत, पण त्यात काय होतं ते कुणालाच कळलं नाही, कारण तो अर्धा टाकून मामा बाहेर आले होते आणि घोड्याजवळ उभे राहिले होते.

आणि बघितलेला खेळ दुसऱ्याला बघायला लावल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. वैद्य नाडी बघून मात्रा देतो तसे ते माणूस बघून शिनिमा सुचवत. गावातल्या एका पैलवानाला त्यांनी मुद्दाम उलट्या पावलांची बाई सांगितली, म्हणाले तुझ्या तब्येतीला एका कांबळ्याचा पुरायचा नाही. पैलवान बघून आला आणि पुढचा महिनाभर विहिरीवर पाण्याला बायकोच्या मागोमाग जाऊ लागला. गावाला वाटलं, काय प्रेम म्हणावं! शेताच्या हद्दीचा वाद घेऊन कुणी आलं, की मामा दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, तुम्ही दोघं मिळून परळीला जाऊन या. दोघे एका गाडीतून जात, एका कांबळ्यात गुरफटून परत येत आणि पुष्कळदा वाद तिथेच मिटे.

गोष्ट सांगायची हातोटी तर अशी, की समोरच्या भिंतीवर चित्र दिसावं. पण शेवट सांगायचा नाही हा त्यांचा नेम होता. दाराची कडी हलली, बाईने मान वळवली, इथपर्यंत आणायचे आणि पानाचा डबा उघडून म्हणायचे, "फुडचं तंबूत." आमच्या शेजारचे म्हातारे पाटील आठ दिवस अंथरुणावर होते. मामा त्यांना भेटायला गेले, अर्धा शिनिमा सांगितला आणि उठले. पाटलांनी बरीच विनवणी केली, मग शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपायला सांगितली. हकिमाला जे जमलं नाही ते मामांनी केलं असं लोक म्हणत. पाटील पुढे सहा वर्षं जगले आणि त्यांनी मामांना कधी क्षमा केली नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझे सासरे जाऊन वर्ष झालं होतं. घर जमीनदाराचं, गोषाचं, बायका पडद्याआड. सासूबाई मधल्या घराच्या आतल्या खोलीत बसून असत. अंगणात यायच्या नाहीत, सणाला हसायच्या नाहीत, विचारलं तर हो किंवा नाही एवढंच बोलायच्या. माझ्या यजमानांनी, जावांनी, सगळ्यांनी हात टेकले होते. एके काळी ही बाई एवढी खिदळायची की सोप्यातल्या पुरुषांना खाकरावं लागायचं, असं मला मामांनी सांगितलं तेव्हा मला ते खरं वाटलं नाही. वय पंचेचाळीसच्या आतलं, पण त्या खोलीत त्यांचा रंगसुद्धा भिंतीसारखा होत चालला होता.

मामा दर पंधरा दिवसांनी येत, खोलीच्या उंबऱ्यावर बसत आणि बहिणीला नवा शिनिमा सांगत. आतून हुंकार येत नसे. तरी ते सांगत राहत, हातवारे करत, स्वतःच घाबरून मध्येच मागे वळून बघत. अशी दोन वर्षं गेली. एका दुपारी त्यांनी विहिरीतल्या बाईचा खेळ सांगायला घेतला. सवतीने विहिरीत ढकललेली बाई, दर अवसेला कठड्यावर तिचा हात दिसतो. मामांच्या मते तो अडीच कांबळ्यांचा होता. त्या दिवशी त्यांनी कमाल केली. मी दळण टाकून दाराशी उभी राहिले होते. हात कठड्यावर आला, मग दुसरा हात आला, आणि मामा थांबले. तेवढ्यात आतून आवाज आला, "मग?"

दोन वर्षांत त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला शब्द. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पानाचा डबा हातात घेतला आणि म्हणाले, "फुडचं तंबूत, अक्का."

मला इतका राग आला की मी नातं विसरले. ते सोप्यात आल्यावर मी पदर सावरून सरळ विचारलं, की एवढं बोलल्या त्या, तर सांगायला काय झालं होतं? मामा डब्याच्या झाकणाची उघडझाप करत बसले.

"सांगितलं तर ती पुन्हा गप बसंल, सुनबाई," ते म्हणाले. "आता चार दिस तरी तिच्या डोक्यात ती बाई राहील. विहिरीतनं वर यायला निघालेली हाय ती."

महिन्याभराने योगेश्वरीची यात्रा आली आणि मामांनी बातमी आणली की विहिरीतल्या बाईचा तंबू अंबाजोगाईला लागला आहे. घराचा कारभार माझ्या थोरल्या चुलतसासऱ्यांकडे होता. त्यांना विचारलं ते फक्त देवीच्या दर्शनाचं. भावाच्या घरी उतरून बहीण दर्शन घेईल, यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. आश्चर्य म्हणजे सासूबाईंनीही नाही म्हटलं नाही. पडदे सोडलेल्या बैलांच्या दमणीत आम्ही दोघी बसलो, मामा घोड्यावर. दर्शन नीट झालं. देवळातून निघाल्यावर गाडी घराकडे वळली नाही, हे सासूबाईंच्या लक्षात आलं होतं. त्यांनी पडद्याची फट थोडी रुंद केली.

तंबूत बायकांची बसायची जागा कनातीमागे वेगळी होती. निजामाच्या राज्यात तेवढी सोय चोख असे. दिवेलागणीचा खेळ. सतरंजीवर आमच्या शेजारी कुणा अंमलदाराच्या घरच्या बेगम बसल्या होत्या. त्यांनी सासूबाईंकडे बघितलं, काही विचारलं नाही, सरकून जागा केली आणि म्हणाल्या, "डरो नक्को, बाई. मैं हूँ." कनातीच्या पलीकडे, अगदी कापडाला खेटून, मामा बसले होते. ते आम्हाला दिसत नव्हते, पण कापडाला त्यांच्या खांद्याचा फुगवटा आला होता.

खेळ सुरू झाला. पेटीवाल्याने संथ सूर धरला. पडद्यावर विहीर दिसली आणि कनातीतून मामांचा दबका आवाज आला, "अक्का, आता डोळे मीट." सासूबाईंनी मिटले नाहीत. कठड्यावर एक हात आला. बेगमसाहेबांनी माझा दंड धरला. दुसरा हात आला. "मिटलेस का?" पलीकडून विचारणा झाली. मग ती बाई हळूहळू वर आली, केस सोडलेले, डोळे पांढरे, आणि साऱ्या तंबूत श्वास घेतल्याचा आवाज येईना. सासूबाई पुढे वाकून निरखून बघत होत्या. त्या माझ्या कानाशी आल्या.

"हिचं लुगडं कोरडंच हाय की गं," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. खरंच कोरडं होतं, वर निऱ्यासुद्धा नीट होत्या. मला हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबला. सासूबाईंचे खांदे हलायला लागले. आधी आवाज नव्हता, मग कुठून तरी खोलवरून एक खुदकन आलं, आणि मग त्या हसत सुटल्या. बेगमसाहेबांना मी लुगड्याचं सांगितलं, त्यांनी पलीकडच्या बाईला सांगितलं, आणि दोन मिनिटांत कनातीमागच्या साऱ्या बायका डोळे पुसत होत्या. पलीकडे मामांना वाटलं, बहीण रडते आहे. "सुनबाई, अक्काला धर गं, माझीच चूक झाली," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. खेळ संपून बाहेर आलो तर मामा पांढरे फटक पडले होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "लई भ्यालास का रे?" घरी गेल्यावर मामांनी मोठ्या आशेने विचारलं, किती कांबळी? सासूबाई म्हणाल्या, एक वाकळसुद्धा नको. याचा मामांना राग आला. पण त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

आम्ही घाटनांदूरला पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. थोरले सोप्यात बसले होते, चार माणसं बाजूला होती. विधवा बाई तमाशासारख्या तंबूत गेली, घराण्याची अब्रू गेली, असं त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं आणि मामांना जाब विचारला. मामा पटका हातात घेऊन उभे होते. त्यांनी सारं कबूल केलं. बहिणीला काही माहीत नव्हतं, मी फसवून नेलं, तुम्ही सांगाल तर आजपासून या घराची पायरी चढणार नाही, असं ते म्हणाले. थोरले मान हलवणार, इतक्यात दाराआडून सासूबाई बोलल्या. थोरल्या दिरासमोर त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या.

"भाऊजी, त्यानं न्हाई नेलं, मी गेलते. तीन वर्सं त्या खोलीत बसून मीच भूत झालते. म्हणलं, खरं भूत कसं असतंय ते एकदा बघून यावं."

थोरल्यांनी हुक्क्याची नळी हातात घेतली, खाली ठेवली. त्यांना गेलेल्या भावाची, माझ्या सासऱ्यांची, आठवण झाली असावी. दोघांचा एकमेकांवर फार जीव होता. थोरल्यांनी दाराकडे न बघता विचारलं, "मग, कसं असतंय?"

"काय न्हाई त्यात," सासूबाई म्हणाल्या. "विहिरीतनं येतंय आन् कोरडंच असतंय."

थोरले जोरात खाकरले. पण मी फटीतून बघितलं, त्यांच्या मिशा हलल्या होत्या. मामांना त्यांनी बसायला सांगितलं आणि गूळपाणी मागवलं. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सासूबाई अंगणात येऊन तांदूळ निवडत बसल्या आणि कुणी काही बोललं नाही. आठवड्याने थोरल्यांनी मामांना बाजूला घेऊन विचारलं, की प्रकृतीला झेपेल असा एखादा एका कांबळ्याचा आहे का?

पुढे शिनिमा बोलायला लागला. मामांना ते आवडलं नाही. भूत बोललं की त्यातलं निम्मं भूत जातं म्हणत. वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, आले आणि आमच्याकडेच राहिले. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि पडदा नुसता पांढरा दिसायला लागला. तेव्हा सासूबाई बायकांबरोबर परळीला जात आणि परत आल्यावर दुपारी भावाच्या बाजेशी बसून खेळ सांगत. त्यांना सांगता येत नसे. आधी शेवट, मग मधलं, मग कुणी काय नेसलं होतं ते. मामा हं हं करत ऐकत. भूत चांगलं होतं का, एवढंच शेवटी विचारत. आणि भुतावर काडीचा विश्वास नसलेल्या सासूबाई दर वेळी म्हणत, "लई चांगलं हुतं."

मामा एका उन्हाळ्यात गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात तंबू आला, तेव्हा सासूबाई जातील असं वाटलं नव्हतं, पण त्या गेल्या. परत येऊन ओसरीवर बसल्या. मी पाणी दिलं. म्हणाल्या, शेजारी एक नवी नवरी बसली होती, तिने भिऊन घामेजल्या हाताने माझा हात धरला, तो खेळ संपेपर्यंत सोडला नाही.

"आमची आई गेली तवा तो पाच वर्साचा हुता," त्या म्हणाल्या. "अंधार पडला की माझा हात धरायचा आन् सारखा बोलत राहायचा. भ्याला की बोलायचा. हात असाच घामेजायचा त्याचा."

एवढं बोलून त्या परसात निघून गेल्या. खेळ कसा होता, ते मी विचारलं नाही.