गप्प राहिलेला पडदा

युनिक्स या संगणकप्रणालीच्या वर्गाची आज प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रोग्राम कंपाइल झाला नाही, म्हणजे संगणकाने तो तपासून स्वीकारला नाही, तर पुढच्या तुकडीबरोबर तीन महिने पुन्हा बसायचं. पहिल्या खेपेला काळ्या पडद्यावर अकरा चुका आल्या. एडिटर उघडून पाहिलं, तर चौथ्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता. तो घातला आणि पुन्हा आज्ञा दिली. या वेळी पडद्यावर काहीच आलं नाही, नुसता कर्सर लुकलुकत राहिला. घाबरून मी तीच आज्ञा आणखी चार वेळा दिली.

"अहो काका, किती वेळा कंपाइल करणार?" मागून मॅडम हसल्या. "संगणक गप्प बसला म्हणजे झालं. चूक असली तरच तो बोलतो. पास झालात तुम्ही!"

माझा जीव भांड्यात पडला. ती शांतता मला घरी येईपर्यंत सोबत करत होती. वाटेत मनात आलं, बावीस वर्षं मीही असाच जेवतो आहे. आमटी जमली की गप्प, बिघडली तरच बोलतो.

आज जेवताना मी तोंड उघडलं, तोच बायकोने विचारलं, "मीठ कमी पडलं का?"

"नाही," मी म्हटलं, "आमटी छान झालीय."

ती काहीच बोलली नाही. माझ्या वाटीत तिने आणखी एक पळी आमटी वाढली.