कोंबडीखालची बाटली

मायाक्काच्या घरी खुडूक कोंबडीखाली अंड्यांच्या जोडीला नेहमी एक बाटली असायची. अंगणात डालीखाली तांबडी कोंबडी पिसं फुगवून बसलेली असे. नवख्या माणसानं कौतुकानं खाली हात घातला, की अंड्यांबरोबर बोटाएवढी काचेची बाटलीही हाताला लागे, आणि वर कोंबडी टोचे ते वेगळंच. चुलीपासून अक्का ओरडे, "हात काढ! नदी उबायलीय तितं!"

आमचं गाव अफजलपूरच्या अलीकडे, भीमेच्या काठावर. अक्का धनगराची लेक. लहानपणी मेंढरं धुता धुता पोहायला शिकली आणि पुढं तिनं सगळ्या गावाला शिकवलं. पाठीला दोन वाळके भोपळे बांधायची आणि मानगूट धरून डोहात ढकलायची. मीही तसाच शिकलो. रडायला लागलो तर म्हणाली, "रड की. नदीत पानी कमीच हाय, तेवढीच भर." मुलींना ती जास्त हट्टानं शिकवायची. कुणी आई कुरकुरली, तर ठरलेलं उत्तर होतं: "पवायला येतंय ती पोरगी पुराला भीत न्हाई, आन् सासूलाबी."

नंतर गावातली पोरं पुण्याकडे, हैदराबादकडे कामाला गेली. पैसा येऊ लागला, सिमेंटची घरं उठली, घराघरांत संडास आले. चांगलंच झालं. पण खड्डा खणायचा खर्च कुणाला नको होता. ज्यानं त्यानं आपला पाईप गुपचूप ओढ्यात सोडला आणि वर दोन दगड ठेवले. ओढा नदीला मिळतो तो घाटाच्या वरच्या अंगाला. म्हणजे साऱ्या गावाचं पोटातलं खाली पोहणाऱ्या पोरांच्या तोंडात. हे लिहिताना मला शिसारी येते, पण करताना कुणाला आली नाही.

पोरांना खरूज, उलट्या, जुलाब सुरू झाले. मी तेव्हा अफजलपूरच्या शाळेत शिकवत होतो. सोलापूरच्या एका शिबिरात नदीचं पाणी तपासायच्या बाटल्या वाटत होते. कुणीही हौसेनं तपासावं, पैसा नाही, पगार नाही. आत औषध असतं. पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, दिवसभर उबेला ठेवायचं. काळं पडलं तर पाण्यात मैला आहे. मी अक्काला हे सांगितलं आणि थंडीच्या दिवसांत ऊब कुठून आणायची या काळजीत पडलो. ती हसली. "कामून इचार करायलास मास्तरा? तांबडी बसलीया की."

तेव्हापासून रिवाज पडला. बाटली स्वच्छ निघाली, की अक्का घाटावरच्या लिंबाला भोपळे टांगायची. भोपळे दिसले की पोरं आरडाओरडा करत पाण्यात. काळी निघाली, की भोपळे घरात. सुरुवातीला महिन्यातून एकदोनदा तरी भोपळे टांगलेले दिसत. मग लिंब रिकामाच राहू लागला.

पाईप काढायला सांगत अक्का दारोदार फिरली. पंचायतीच्या अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. सगळ्यांत जाड पाईप त्यांचा. ते म्हणाले, "अक्का, गंगा कदी बाटती व्हय?" अक्का म्हणाली, "गंगा बाटत न्हाई अण्णा. तुमी बाटवायलाव." त्या दिवसापासून ती गावात येडी ठरली. कोंबडीची डॉक्टरीण म्हणून पोरंटोरंसुद्धा चिडवू लागली, तिनंच पोहायला शिकवलेली.

त्यात अण्णांनी घाटावर तालुक्याच्या मुलांची पोहण्याची शर्यत भरवली. मांडव, कर्णा, लाडू, सगळं होतं. आदल्या दिवशीची बाटली डांबरासारखी काळी निघाली होती. अक्का सकाळी भरल्या मांडवात घुसली. हातात नदीच्या पाण्याचा तांब्या. मंचावर मान्यवरांपुढे विकतच्या पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. ती अण्णांसमोर उभी राहिली.

"अण्णा, एक चूळ भरा. पिऊ नका, निस्ती चूळ. तुमी भरली की मी सोताच्या हातानं लेकरांना पान्यात सोडते."

अण्णा हसले. "अक्का, माजा आज उपास हाय."

मांडवात हशा पिकला. तिनं तांब्या शेजारच्यापुढं धरला. त्याचा घसा बसला होता. त्याच्या शेजाऱ्यानं आत्ताच पान खाल्लं होतं. अशी ती रांगेच्या टोकापर्यंत गेली. एकाही बापयाला चूळ भरायची छाती झाली नाही, आणि त्याच बापयांनी शिट्टी वाजवून लेकरं त्या पाण्यात ढकलली. अक्का पायरीवर नदीकडं पाठ करून बसली. मला आजही शर्यतीतल्या त्या टाळ्या ऐकू येतात आणि हाताच्या मुठी वळतात.

आठवडाभर दवाखाना पोरांनी भरलेला होता. गाव आधी म्हणालं, लाडू शिळे होते. मग म्हणालं, अक्काची जीभ काळी. कुणीतरी तांबडीची मान मुरगळून ती दारात टाकली. मी संतापानं तिच्याकडं गेलो, तर अक्का नव्या कोंबडीखाली बाटली सारत होती. "मारू दे की. खुडूक कोंबड्या काय एकच असत्यात?"

तिचा आवाज मी एकदाच ओला झालेला ऐकला. पाणी भरायला आलेल्या मुली काठाला धरून, भीत भीत घागरी बुडवत होत्या. त्यातल्या एकीलाही पोहता येत नव्हतं. अक्का म्हणाली, "शिकवावं तर हगवनीनं मरत्याल, न शिकवावं तर बुडून. तू शिकलेला हाईस, तू सांग, कोनतं मरान देऊ यान्ला?"

परवाच्या दसऱ्यानंतर अक्का गेली. म्हातारपणानं, झोपेत. माणसं मात्र झाडून सारी आली. अण्णांनी चितेपुढं भाषण केलं: अक्का गावाची शान होती, तिनं गावाला पोहायला शिकवलं. मी दात खाऊन ऐकलं. चिता नदीकाठालाच रचली होती. आग दिल्यावर नदीत बुडी मारून मगच घरी जायचं, ही आमच्याकडची बापजाद्यांची रीत.

सगळे पाण्याच्या कडेला जाऊन थांबले. धोतरं सावरली, एकमेकांकडं पाहिलं. मग अण्णा म्हणाले, "घरी बोअर हाय. तितंच करू आंगुळ." जणू याचीच वाट पाहत होते, तसे सगळे मागं फिरले. इतकी वर्षं तिला येडी म्हणणाऱ्यांपैकी एकाचाही पाय त्या दिवशी भिजला नाही. म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्या बाटलीपासून ठाऊक होतं.

मी मागून ओरडलो, "अण्णा, आज कसला उपास हाय?"

कुणीही मागं वळून पाहिलं नाही. ज्याच्या त्याच्या बोअरकडं सगळे भराभरा निघून गेले.