मठ्ठ्यातला बर्फ

माझ्या लग्नात सगळ्यात जास्त कुणी मिरवून घेतलं असेल, तर नवऱ्याच्या मामांनी. जीपमधून उतरल्यापासून त्यांना काही पसंतच पडेना. मांडव बुटका, बँडवाले झोपाळू, गाद्या मळक्या. माझे वडील पुंडलिकनगरात राहणारे सरकारी कारकून. साहेबांसमोर उभं राहून त्यांच्या पाठीला कायमचा बाक आलेला. तो बाक बघून मामांना आणखी चेव चढायचा.

पहिल्या पंगतीच्या वेळी मामा स्वयंपाकाच्या बाजूला गेले आणि मठ्ठ्याच्या पातेल्यात त्यांनी सरळ बोट बुडवलं.

"पाहुणे, ह्यो मठ्ठा हाय का कढी? भर उन्हाळ्यात गरम मठ्ठा पाजता व्हय लोकांना?"

वडिलांनी हात जोडले. "बघतो काहीतरी, मामासाहेब."

"तुमच्यानं नाय व्हायचं. म्या बघतो."

ते जीप घेऊन चिकलठाण्याला गेले आणि गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या घेऊन परतले. हात धुवायच्या जागी चिखल झाला होता, तिथंच लाद्या उतरवल्या. पहारीनं फोडल्या. तुकडे ओंजळीनं पातेल्यात गेले. सोबतच्या मंडळींनी शिट्ट्या मारल्या. पडेगावची शेतीवाडीवाली माणसं. लाद्या दिसल्यावर आपल्या मामांची छाती केवढी ते त्यांना दिसलं.

मी नवरीच्या खोलीच्या खिडकीतून हे बघत होते. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. वर्षभर पाण्याचे नमुने तपासून हात रंगलेले. मी मावशीला म्हटलं, "तो मठ्ठा कुणाला देऊ नका. बर्फ खायचा नाहीये तो."

मावशी माझ्या मुंडावळ्या सारख्या करत म्हणाली, "आज तरी तोंड बंद ठेव गं बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडेगावला सासरच्या घरी माझी पहिली ओळख झाली ती संडासासमोरच्या रांगेशी. सासूबाई आधी पडल्या, मग जावा, मग दीर. दुपारपर्यंत वऱ्हाडातली निम्मी माणसं सरकारी दवाखान्यात होती. खाटा पुरेनात म्हणून खाली सतरंज्या टाकल्या. माहेरचीही माणसं येऊन पडली. वडील खिडकीजवळच्या खाटेवर होते. डोळे खोल गेलेले, हाताला सलाईन.

आणि मामा वॉर्डात शिरले. ताजेतवाने, इस्त्रीच्या कपड्यात.

"म्या बी तिथंच जेवलो. मला काय झालं? पाहुण्यांनी शिळं घातलं, नाय तर मग पोरीचा पायगुण. दोन्हीतलं एक हाय."

मामांना काही झालं नव्हतं, कारण मामा मठ्ठा प्यालेच नव्हते. मंगल कार्यालयाच्या मागं जीप लावून ते मित्रांबरोबर दुसरंच पीत बसले होते. हे वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक होतं. आडवी पडलेली माणसंही ते जाणून होती. एकानंही तोंड उघडलं नाही. उलट सासूबाई कण्हता कण्हता म्हणाल्या, "दादा म्हणतो ते खरंच असंल."

वडील कसेबसे उठून बसले. एका हातात सुई, म्हणून हात जोडता येईनात. त्यांनी मोकळा हात कपाळाला लावला. "चुकलं आमचं, मामासाहेब."

मी तशीच बाहेर आले. नवरा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक.

"बर्फ कुठून आणला ते मला बघायचंय," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि स्कूटर काढली. जालना रोडवर त्याला मध्येच एका हॉटेलात धावत जावं लागलं. नव्या नवरीनं त्या हॉटेलाबाहेर हिरव्या चुड्यासकट स्कूटर धरून उभं राहायचं!

चिकलठाण्याच्या बर्फ कारखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: हा बर्फ खाण्यासाठी नाही. मामांना वाचता येत होतं. आतला माणूस म्हणाला, "जीपवाले साब को बोला था मैं, खाने का नई ये. वो बोले, बरफ तो बरफ है." मागं विहीर होती आणि विहिरीला लागून नाला.

उकळून घेतलेल्या डब्यात आम्ही लादीचा तुकडा घेतला आणि माझ्या कॉलेजात नेला. माझ्या बाईंनी त्याच्या पाण्याच्या तपासणीच्या नळ्या लावल्या. दोन दिवसांनी जाऊन पाहिलं तर सगळ्या नळ्या पिवळ्या पडलेल्या, आत वायूचे बुडबुडे. नवऱ्यानं विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे नाल्याचं पाणी. तुमच्या मामांनी अख्ख्या वऱ्हाडाला माणसांची घाण पाजली, गार करून."

घरी येऊन त्यानं सगळ्यांसमोर ते सांगितलं. मामा मांडी घालून जेवत होते.

"अरे, बर्फात जंतू जगत्यात व्हय? गारठून मरत्यात!"

आदल्या दिवशीच सलाईन सुटलेली माणसं यावर माना डोलवत होती.

"मामा," नवरा म्हणाला, "तुम्ही मठ्ठा प्याला होता का?"

मामा ताटावरून उठले. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला, भावाचा अपमान झाला म्हणून. स्वतःच्या आतड्यांचं त्यांना काही वाटलं नाही.

वडील घरी आले, पण पुष्कळ दिवस अशक्त होते. नवरा एकटाच पुंडलिकनगरला जाऊन त्यांना म्हणाला, "बाबा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं." वडील म्हणाले, "जाऊ द्या, जावईबापू. मोठी माणसं आहेत." मला मामांचा आला नसेल इतका राग त्या वाक्याचा आला. नवरा मात्र मला त्या दिवशी आवडला.

मामा पुढं महापालिकेच्या वॉर्डात पुढारी झाले. पाण्याच्या टाक्यांसमोर नारळ फोडायला त्यांनाच बोलावत. सासरी आजही आमच्या लग्नाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, नवरीकडचं जेवण बाधलं होतं. मी दर वेळी खरं काय ते सांगते. सगळे मन लावून ऐकतात, आणि एखादी जाऊ म्हणते, "पण भाजी जरा आंबूसच लागली होती, नाय का?"