बरोबर केलेलं वाक्य

लोहाऱ्याजवळच्या एका गावातल्या शाळेत महारुद्र सरांना इंग्रजी शिकवायला लागून अकरा वर्षं झाली होती. तरी एकही पोर धड दोन वाक्यं बोलत नव्हतं, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. मग एके दिवशी त्यांनी बाकं भिंतीला सरकवली, पोरांना सतरंजीवर गोल बसवलं आणि नियम केला: गोलात मराठी बोलायचं नाही, आणि चुकणाऱ्याला हसायचं नाही.

दिवाळीनंतर पोरं खरंच बोलू लागली. कुणाची म्हैस व्याली, कुणाची एसटी चुकली, सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत येऊ लागलं. सरांची छाती फुगायची. फक्त नववीतली दीपमाला तोंड उघडत नव्हती. सर तिला रोज म्हणायचे, "बोल की बाई, इथं सगळी आपलीच माणसं हायत."

मार्चमध्ये विषय होता, सुट्टीत काय करणार. दीपमालानं आपणहून हात वर केला.

"माय मॅरेज इन मे," ती म्हणाली. "आय नो वॉन्ट."

सरांना आनंद मावेना. "व्हेरी गुड! पण 'आय नो वॉन्ट' नाही, 'आय डोन्ट वॉन्ट'." त्यांनी वाक्य फळ्यावर लिहिलं आणि वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतलं. चाळीस पोरं एका सुरात ओरडली. दीपमालाही म्हणाली. मग तिच्यासाठी टाळ्या झाल्या.

तास सुटल्यावर ती टेबलापाशी आली. "सर, मला घरी..."

"इंग्लिश!" हजेरी भरता भरता सर हसले. "आज जमलंय तुला. आता माघार न्हाय."

तिचे ओठ हलले. इंग्रजी शब्द सापडेना. ती निघून गेली.

जूनमध्ये ती शाळेत आली नाही. आठवडाभर वाट बघून सर तिच्या घरी गेले. अंगणात तिची आजी, धुरपदाबाई, शेंगा फोडत बसली होती.

"लगीन झालं की तिचं. कर्नाटकात दिली."

"चौदा वर्षांची होती ती, आजी!"

"मग तवाच का न्हाय बोललाव तुमी?" म्हातारीनं मान वर केली नाही. "पोरगी म्हणायची, म्या सरांला सांगितलंय, सर यिऊन बोलतील. हळद लागंपतोर वाटंकडं बघत व्हती. तिच्या बापालाबी भ्या व्हतं, मास्तर येतो का काय. तुमी आला न्हाईत. त्याला वाटलं, मास्तरलाबी पसंत हाय."

सर तसेच मागं फिरले. शाळेत येऊन ते मुख्याध्यापक शिवलिंगप्पांना म्हणाले, "तक्रार करतो मी."

"करा की," शिवलिंगप्पा शांतपणे म्हणाले. "पोलीस पहिलं तुम्हालाच विचारतील, मार्चात सगळ्या वर्गासमोर कळलं होतं, तर गप का बसलात?"

महारुद्र सरांनी हातातला फोन खिशात ठेवला.

ऑगस्टमध्ये शिक्षण खात्याचे अधिकारी वर्ग बघायला आले आणि गोलावर खूश झाले. त्यांनी इतर शिक्षकांना शिकवायला सरांना धाराशिवला बोलावलं. सर गेले. तिथं एका बाईंनी विचारलं, "सर, मुली बोलतच नसतील तर काय करायचं?"

सरांनी टेबलावरचा ग्लास उचलून घोटभर पाणी घेतलं.

"धीर धरायचा," ते म्हणाले. "एक दिवस बोलतातच."

सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं.