बाटली फोडायला पाच पोरं

महापालिकेच्या आरोग्य खात्याची बातमी पंधरा ओळींत संपते. बाकीचं रिपोर्टरच्या डोक्यात साचत राहतं. मी हे बीट इतकी वर्षं केलं, की हसायचं कुठे आणि भांडायचं कुठे, हेच आता कळेनासं झालंय!

शहरात आयटीच्या काचेच्या इमारती उठत होत्या तेव्हाचं सांगतो. विश्रांतवाडीच्या मजूर वस्तीत गोवर शिरला होता. त्याच आठवड्यात पोलिओ मोहिमेचे परदेशी सल्लागार एका हॉटेलात प्रेझेंटेशन द्यायला आले. मी विचारलं, "गोवराचं काय?"

"गोवर आमच्या प्रोजेक्टमध्ये नाही."

"अहो, पण पोरांच्या अंगावर आहे!"

त्यांनी हसून पुढची स्लाइड लावली.

मग पोलिओवाल्यांबरोबर शनिवार पेठेत फिरलो. एका निवृत्त मास्तरांनी दार अर्धंच उघडलं. "आमच्याकडे लहान मूल नाही. नातू अमेरिकेत असतो."

आत बाळ रडलं.

"मग हा कोण?"

"तोच. पुढच्या महिन्यात जायचाय!"

डोस दिला की दारावर खडूने खूण करायची, अशी मोहिमेची पद्धत. कर्वेनगरच्या एका साइटवर मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर खुणा झाल्या. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराने तेच पत्रे उचलून विश्रांतवाडीला नेले, नव्या मजुरांसाठी. तिथली टीम खुणा बघून खूश होऊन परत!

मी आरोग्य अधिकाऱ्यांना फोन केला. "साहेब, पोरं राहिली. पत्र्यांना मात्र आता पोलिओ होणार नाही!"

"छापू नका हो. मोहिमेचं कव्हरेज खाली येईल."

विश्रांतवाडीच्या याच वस्तीत यवतमाळहून आलेली सुनीता राहायची. शेजारच्या पोराला गोवर निघाल्यापासून ती लेकाला घेऊन दवाखान्यात खेटे घालत होती. शेवटी मीच त्या अधिकाऱ्यांना गाठलं.

"गोवराची लस फ्रिजमध्ये आहे?"

"आहे."

"मूल दारात आहे?"

"आहे."

"मग टोचा की!"

"बाटली पाच डोसांची. फोडली की काही तासांत फेकायची. एकासाठी फोडली, तर वाया घालवल्याचा जाब मला विचारतात. पाच पोरं आणा!"

चूक नक्की कुणाची, ते लिहायला तावातावाने बसलो. बातमी काही पुरी झाली नाही.

सुनीता मात्र पुढच्या लसीच्या दिवशी कामाचा खाडा करून हजर! साइटवरच्या बायकांच्या हातापाया पडून तिने चार पोरं जमवली होती, पाचवं तिचं. वाटेत आणखी एक आई मूल घेऊन मागे लागली. तिला नको कसं म्हणायचं? सिस्टरांनी बाटली फोडली. आपण बोलावून आणलेली माणसं, म्हणून सुनीताने सगळ्यांना पुढे केलं. पाच पोरं झाली. बाटली रिकामी.

"तुझ्या एकट्या लेकासाठी दुसरी नाही गं फोडता येणार," सिस्टर म्हणाल्या.

सुनीताने लेकाला कडेवर घेतलं.

"बाई, आता आनखी चार कुठून आनू?"