अस्वलाचा वाटा

मंडळी, आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येणं, लिंबू उतरवणं असलं काही कुणी स्टाफरूममध्ये काढलं, की त्याची फिरकी घेणारी मीच असते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

आमचं गाव धानोऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून. मी लहान असतानाच आईने बाप्तिस्मा घेतला. बाबांनी नाही घेतला. दर रविवारी ते तिला सायकलवर प्रार्थनेला सोडायचे आणि स्वतः बाहेर तंबाखूचा खर्रा चघळत बसायचे. आत बोलावलं की म्हणायचे, "तू ये जाऊन, मी बसतो इथीच."

बाबा गेल्यावर आई स्वर्गाच्या गोष्टीत रमायला लागली. पास्टर सोन्याचे रस्ते सांगायचे, तर ही विचारायची, "उन्हाळ्यात पाय नाई भाजत का त्याच्यावर?" तिच्या स्वर्गात गुडघे दुखत नव्हते, आणि नाल्याकाठी एक मोहाचं झाड होतं. अगदी आमच्या शेतातल्यासारखं.

त्या झाडाचं सांगायला हवं. मोह पडायच्या दिवसांत लोक झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं वेचायला सोपी जातात. बाबा जाळायचे नाहीत, खराट्याने झाडायचे. आणि नाल्याकडचा एक तुकडा मुद्दाम पाल्यासकट सोडायचे. तिथली फुलं अस्वलाची! त्याने त्याचं खावं आणि आपल्या वाटेला जाऊ नये, असा त्यांचा हिशेब. गाव हसायचं. आई चिडायची.

"देवाच्या घरी अस्वल चावत नाई म्हनतेत," ती मला म्हणायची. "तिथी तरी पुरं झाडतीन तुहे बाबा."

 पण तिचा खरा प्रश्न वेगळाच होता – बाबा तिथे असतील का? शेवटच्या आजारात तिने पास्टरांना सरळच विचारलं, "मी आत जाईन, अन् ते तिथीबी बाहेरच बसतीन का?"

पास्टर भला माणूस, खोटं बोलवेना त्यांना. "ते देवाच्या हाती हाये, आजी," एवढंच म्हणाले. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला त्यांचा फार राग आला, त्यांच्या स्वर्गाचाही आला.

होळी होऊन गेली होती, मोह नुकता पडू लागला होता. एका दुपारी आई गेली. तिला शेतातच, मोहाजवळ पुरायचं ठरलं. संध्याकाळी मी आणि चुलतभाऊ जागा बघून आलो. बाबांच्या मागे तिथे कुणी झाडलंच नव्हतं, पाल्यात घोटे बुडत होते. नंतर रात्रभर सगळं गाव आमच्या अंगणातच होतं.

सकाळी भाऊ खड्डा खणायला पुढे गेला आणि तसाच परत आला. "ताई, मोहाखाली कोनी झाडलं?"

मी गेले, पास्टरही आले. जमीन लख्ख झाडलेली, वर ताजी फुलं पडलेली. वारा म्हणावं, तर शेजारच्या झाडांखालचा पाला जागच्या जागी. खराट्याचे फराटे स्पष्ट दिसत होते. आणि नाल्याकडचा तुकडा... तेवढाच पाल्याने झाकलेला.

मी सगळ्यांना विचारलं. कुणीच गेलं नव्हतं. बाबांची सवय गावाला ठाऊक होती, मान्य. कुणीतरी मायेपोटी झाडलं असेल, असं मी अजूनही स्वतःला समजावते. पण मग त्याने आजवर सांगितलं का नाही?

पास्टरांनी वाकून एक फराटा बोटाने चाचपला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले अजूनबी मालूम नाई, बाई. पन तुमच्या आईनं आज विचारलं असतं, तं मी येवढं मोघम नसतो बोललो."

झाडलेल्या जागेतली फुलं वेचून मी आईच्या उशाशी ठेवली. पाल्यातल्या फुलांना हात लावला नाही.

उत्तर माझ्याकडे नाही. बाप्तिस्मा मीही घेतलेला नाही, आणि स्वर्ग आहे की नाही, कुणास ठाऊक. पण दर मोसमात मी त्या झाडाखाली झाडायला जाते, नाल्याकडे आले की खराटा थांबवते, आणि मला आईचा चिडका आवाज अगदी जवळून ऐकल्यासारखा आठवतो. तिथे वर पोचल्या पोचल्या ती बाबांना म्हणाली असेल, "इथीबी तुकडा सोडला का?"